प्राध्यापक ऑनलाइनला नको म्हणतात, ते नेमकं कशाला? समजून घ्या ४० टक्क्यांचं गणित

“आवाज येतोय का? येत असेल तर चॅटमध्ये यस टाका.”

२०२० आणि २०२१ मध्ये जे कॉलेजात होते, त्यांना हे वाक्य झोपेतसुद्धा ऐकू येईल. सर स्क्रीन शेअर करायचे, पीपीटीऐवजी घरातल्या लग्नाचे फोटो दिसायचे, कुणाच्या तरी घरून कुकरची शिट्टी ऐकू यायची. त्यावरचे मीम्स अजूनही फिरतात. त्या मीम्समधला प्राध्यापक ठरलेला असतो. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला आणि कुठलं बटण दाबायचं ते मुलांनाच विचारणारा.

यातून एक समज पक्का झाला. प्राध्यापकांना टेक्नॉलॉजी जमत नाही, म्हणून त्यांना ऑनलाइन नको असतं.

आता जरा आजचं कॉलेज बघा. तोच प्राध्यापक नोट्सची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. गुगल फॉर्मवर टेस्ट घेतो. डिपार्टमेंटची माहिती शेअर केलेल्या शीटमध्ये भरतो. बाहेरगावच्या पाहुण्याचं व्याख्यान गुगल मीटवर ठेवतो. पण ‘४० टक्के अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवा’ असा विषय निघाला की प्राध्यापकांच्या संघटना विरोधाची पत्रकं काढतात.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या कशा, हे समजून घ्यायचं असेल तर आधी २०२० मध्ये जावं लागेल.

सुरुवातच आणीबाणीत झाली

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. महाराष्ट्रातली कॉलेजं त्याआधीच बंद झाली होती. परीक्षा तोंडावर होत्या, सिलॅबस राहिलेला होता. मग ज्याच्या हाताला जे लागलं, त्यावर शिकवणं सुरू झालं.

त्यात सगळ्यात पुढे होतं झूम. कंपनीच्याच आकड्यांनुसार डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या मीटिंगांत दिवसाला जास्तीत जास्त १ कोटी लोक सहभागी व्हायचे. मार्च २०२० मध्ये हाच आकडा २० कोटींवर गेला. पण फुकटच्या खात्यावर ग्रुप मीटिंग ४० मिनिटांत बंद पडायची. त्यात १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. मग अनेक कॉलेजं गुगल मीट किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सकडे वळली. म्हणजे प्राध्यापकांनी एक ॲप कसंबसं शिकून घेतलं, तोवर दुसरं आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. झूम, मीट आणि टीम्स ही मुळात ऑफिसच्या मीटिंगसाठी रुळलेली सॉफ्टवेअर. दहा-बारा लोक, ठरलेला अजेंडा, प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि ऑफिसचं इंटरनेट, हा त्यांचा हिशेब. बीए प्रथम वर्षाचा १२० मुलांचा वर्ग, तोही मोबाइलवर, ही गोष्ट त्या हिशेबात कुठेच नव्हती.

२७ मार्च २०२० ला ‘एज्युकॉज रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. तो पुढे जगभर वाचला गेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सध्या जे चाललंय त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ही संकटातली तात्पुरती सोय आहे. पूर्णपणे ऑनलाइन चालणारा विद्यापीठाचा एक कोर्स नीट तयार करायचा, तर साधारण सहा ते नऊ महिने लागतात, असं त्यांनी लिहिलं.

आपल्याकडच्या प्राध्यापकांना मिळाले जेमतेम काही दिवस. त्यामुळे त्यांच्या मनात ऑनलाइन म्हणजे काय याचं जे चित्र तयार झालं, ते या धावपळीतून झालं. आज त्यांचं मत विचारताना हे विसरून चालत नाही.

१९८९ चं एक साधं सूत्र

माणसं नवीन सॉफ्टवेअर का स्वीकारतात आणि का टाळतात, यावर अनेक वर्षं संशोधन सुरू आहे. त्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये मांडलं. कुठलंही सॉफ्टवेअर वापरायचं की नाही हे ठरवताना माणूस दोन गोष्टी बघतो. एक, याने माझं काम चांगलं होईल का? दुसरी, हे वापरायला सोपं आहे का?

आपण प्राध्यापकांबद्दल बोलतो तेव्हा फक्त दुसरा प्रश्न धरून बसतो. त्यांना वापरता येत नाही, असं म्हणतो आणि ट्रेनिंगची वर्कशॉप भरवतो. डेव्हिस यांच्या अभ्यासात मात्र पहिल्या प्रश्नाचं वजन जास्त निघालं. एखादी गोष्ट खरंच उपयोगाची वाटली, तर लोक थोडा त्रास सोसूनही ती शिकतात.

हे सूत्र आपल्या कॉलेजांना लावून बघा. व्हॉट्सॲपचं ट्रेनिंग कुठल्याच प्राध्यापकाला कुणी दिलं नाही. तरी ते सगळ्यात आधी रुजलं, कारण नोटीस पोचवायची, पीडीएफ द्यायची, उद्याचं लेक्चर नाही हे सांगायचं, ही सगळी कामं एका जागी झाली. गुगल फॉर्म रुजला, कारण बहुपर्यायी प्रश्नांची टेस्ट तपासायचे श्रम वाचले. शेअर केलेली शीट रुजली, कारण इंटर्नल मार्कांची फाइल चौघांना चार वेळा मेल करावी लागत नाही.

या तिन्हीत प्राध्यापकाचा वेळ वाचतो, आणि काय वापरायचं आणि किती वापरायचं हे त्याच्या हातात राहतं.

मग क्लासरूम आणि डॉक्सचं काय झालं?

एकत्र काम करायला बनवलेल्या सॉफ्टवेअरचं चित्र जरा वेगळं आहे. गुगल क्लासरूम २०१४ पासून आहे. लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रातल्या असंख्य कॉलेजांनी ते सुरू केलं. मुलांनी असाइनमेंट तिथे टाकायची, सरांनी तिथेच तपासून शेरा लिहायचा, अशी त्याची रीत.

कागदावर उत्तम वाटतं. पण बीकॉमच्या एका वर्गात १२० मुलं असतात आणि एका प्राध्यापकाकडे असे तीन-चार वर्ग. मुलं वहीत लिहितात, मोबाइलवर फोटो काढतात, कधी आडवा, कधी अंधारात, आणि तो अपलोड करतात. स्क्रीनवर झूम करून असे शेकडो फोटो वाचणं हे वही तपासण्यापेक्षा कितीतरी जास्त डोळेफोड काम आहे. त्यामुळे कॉलेज पुन्हा सुरू झालं तशी अनेक ठिकाणची क्लासरूम ओस पडली आणि असाइनमेंट परत कागदावर आली.

गुगल डॉक्सचा खरा फायदा ग्रुप प्रोजेक्टमध्ये आहे. पाच मुलांच्या ग्रुपमध्ये एकच मुलगी काम करते आणि बाकीचे चार नाव लावतात, ही प्रत्येक कॉलेजातली तक्रार. डॉक्समध्ये कोणी, कधी, काय लिहिलं याचा इतिहास दिसतो. मुलं आपापल्या खात्यातून लिहीत असतील, तर काम कोणी केलं हे प्राध्यापकाला कळू शकतं.

पण हे वापरायचं तर गुण द्यायची पद्धत बदलावी लागते. ती विद्यापीठ ठरवतं. शेवटी जर छापील, स्पायरल बाइंडिंग केलेली प्रतच जमा करायची असेल, तर डॉक्समधला इतिहास बघून उपयोग काय? सॉफ्टवेअर नवीन आणि मूल्यमापन जुनं, अशा ठिकाणी प्राध्यापकाला सॉफ्टवेअर म्हणजे वाढीव काम वाटतं. आणि बऱ्याचदा ते असतंही.

त्यात नॅकच्या फाइलींची भर पडते. कॉलेजाचं मूल्यांकन करताना आयसीटीचा, म्हणजे डिजिटल साधनांचा, वापर किती होतो हे नॅक विचारतं. हेतू चांगला आहे. पण त्यासाठी पुरावे लागतात. स्क्रीनशॉट, लिंक, हजेरीची यादी, लोकेशनसह काढलेले फोटो. अनेक स्टाफरूममध्ये ‘ऑनलाइन’ हा शब्द शिकवण्यापेक्षा या फायलींशी जास्त जोडला गेलाय.

काळ्या चौकोनांशी बोलताना

प्राध्यापकांची सगळ्यात जुनी आणि मनापासूनची तक्रार मात्र वेगळी आहे. समोर चेहरे नसतात.

वर्गात शिकवणारा माणूस सतत मुलांकडे बघून आपलं बोलणं बदलत असतो. तिसऱ्या बाकावरच्या कपाळाला आठ्या पडल्या की उदाहरण बदलायचं. मागचे दोघं खिडकीबाहेर बघायला लागले की आवाज चढवायचा. ऑनलाइनमध्ये हे सगळं बंद होतं. डेटा वाचवायला मुलं कॅमेरा बंद ठेवतात. काहींना घर दाखवायचं नसतं. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर ती अडचण खरीच असते. पण शिकवणाऱ्याला समोर दिसतात ते फक्त नावाची आद्याक्षरं असलेले चौकोन.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलमुळे येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली. अगदी जवळून आणि सतत नजरेला नजर देणं, स्वतःचाच चेहरा सारखा दिसत राहणं, एका जागी खिळून बसणं आणि साधे हावभाव कळायला किंवा कळवायला जादा मेहनत पडणं. भारतातल्या प्राध्यापकाच्या बाबतीत यातलं पहिलं कारण उलटं फिरतं. त्याला नजर देणारं कुणीच नसतं. बाकीची तीन मात्र त्याला तंतोतंत लागू पडतात.

त्यामुळे ‘ऑनलाइनमध्ये मजा येत नाही’ असं एखादे सर म्हणतात, तेव्हा ते जुन्या सवयीबद्दल बोलत असतीलही. पण मुलांना समजलं की नाही हे कळण्याचं त्यांचं मुख्य साधन गेलं, हेही त्यात असतं.

नेटवर्कच नसेल तर?

दुसरी तक्रार मुलांच्या बाजूने आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधल्या ७५ व्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरांत २३.४ टक्के. इंटरनेटची सोय असलेली घरं ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरांत ४२ टक्के. लॉकडाऊनच्या उंबरठ्यावरचं चित्र साधारण असं होतं.

त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणाच्या किनाऱ्यावर धडकलं. रायगड आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइलचे टॉवर कितीतरी दिवस बंद होते. त्याच पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याची बातमी सगळीकडे फिरली. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण मेळघाटात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा गडचिरोलीत शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ती बातमी वेगळ्या नजरेने वाचली असणार. ज्यांना डोंगरावर झोपडी बांधता आली नाही त्यांचं काय झालं?

त्यानंतर स्मार्टफोन आणि इंटरनेट खूप पसरलं, हे खरं. पण घरात एक फोन असणं आणि रोज चार तास तो एकट्या मुलीच्या हातात मिळणं, यात फरक आहे. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर अकाउंट्सची बॅलन्स शीट किंवा गणिताची सिद्धता बघणं तर आजही अवघडच आहे.

आता खरा मुद्दा: ४० टक्के

इथपर्यंतच्या तक्रारी शिकवण्याबद्दलच्या होत्या. पुढची नोकरीबद्दलची आहे, आणि मीम्समध्ये ती कधी दिसत नाही.

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ‘ब्लेंडेड’ शिक्षणावर एक टिपण काढलं. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवायला परवानगी द्यावी, असा त्यात प्रस्ताव होता. त्याच वर्षी ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलबद्दलचे नियमही बदलले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर देशभरातले प्राध्यापक कोर्स शिकवतात. एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत कोर्सेसचे क्रेडिट स्वयमवरून घेता यायचे, ती मर्यादा ४० टक्क्यांवर गेली.

देशभरातल्या प्राध्यापक संघटनांनी ब्लेंडेडच्या प्रस्तावाला विरोध केला. का, ते समजायला थोडं गणित करावं लागेल.

यूजीसीच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. कॉलेजात एखाद्या विषयाची किती पदं मंजूर होतात, ते आठवड्याच्या एकूण तासांवर ठरतं. यालाच स्टाफरूमच्या भाषेत ‘वर्कलोड’ म्हणतात.

समजा एखाद्या विषयाचा वर्कलोड आठवड्याला ४८ तास आहे. ४८ भागिले १६, म्हणजे तीन पदं. आता त्यातला ४० टक्के भाग ऑनलाइन गेला आणि ते तास प्रत्यक्ष अध्यापनात धरले नाहीत, तर उरतात २८.८ तास. याला १६ ने भागलं तर उत्तर येतं १.८. तीन प्राध्यापकांचं डिपार्टमेंट दोघांवरही पुरतं भरत नाही.

ऑनलाइनचे तास वर्कलोडमध्ये पूर्ण धरले, तर हा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे सगळा वाद येऊन अडतो तो ‘ऑनलाइन तास मोजायचा की नाही’ या एका ओळीवर. एकच रेकॉर्ड केलेलं लेक्चर चार तुकड्यांना दाखवलं, तर तो एक तास की चार? मुलांच्या शंकांना रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर उत्तरं दिली, तर तो वेळ कुठे लिहायचा? अशा प्रश्नांची स्पष्ट उत्तरं हातात नसताना ४० टक्क्यांना हो म्हणायचं, म्हणजे आपल्या पदावरचं पाणी सोडायची तयारी ठेवायची, असं त्यांना वाटतं.

ही भीती हवेतली नाही. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाने खर्चकपातीचा निर्णय काढून नवीन पदभरती थांबवली होती. म्हणजे ज्या महिन्यांत प्राध्यापक घरून शिकवायला शिकत होते, त्याच महिन्यांत भरतीचा दरवाजा बंद झाला होता. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधली हजारो रिकामी पदं हा त्याआधीही प्रश्न होता आणि त्यानंतरही राहिला.

सीएचबीवाल्यांचं काय?

या रिकाम्या जागांवर शिकवतात ते सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नेट, सेट किंवा पीएचडी झालेले, पण पगार महिन्याचा नसून घेतलेल्या तासांचा. तास झाला तर पैसे, नाही तर नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही.

यांच्यासाठी ऑनलाइनचा अर्थ कायम प्राध्यापकापेक्षा वेगळा होतो. घरून घेतलेला तास हा तास धरला जाईल का? लाइट गेली आणि लेक्चर अर्ध्यात तुटलं तर? लॅपटॉप, डेटा पॅक आणि हेडफोनचा खर्च कुणाचा? आणि लेक्चर रेकॉर्ड करून दिलं, तर पुढच्या वर्षी कॉलेजला आपली गरज उरेल का?

तंत्रज्ञान येणं सगळ्यात सोपं जायला हवं, ते याच गटाला. हे लोक तिशी-पस्तिशीतले आहेत, मोबाइलवरच वाढलेत, त्यातल्या काहींचे स्वतःचे यूट्यूब चॅनेलही आहेत. तरी रेकॉर्डिंगचा विषय निघाला की ते बिचकतात. वय किंवा कौशल्य हे कारण असतं, तर तसं व्हायला नको होतं.

रेकॉर्ड केलेलं लेक्चर कुणाचं?

जानेवारी २०२१ मध्ये कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात एक प्रकार उघडकीला आला. कलेच्या इतिहासाचा ऑनलाइन कोर्स करणाऱ्या एका विद्यार्थ्याला व्हिडिओतल्या प्राध्यापकांना मेल करायचा होता. पत्ता शोधताना त्याला कळलं की फ्रान्स्वा-मार्क गॅन्यों हे प्राध्यापक २०१९ मध्येच वारले आहेत. कोर्स चालवायला दुसरे शिक्षक होते, पण लेक्चर मात्र गॅन्यों यांचीच सुरू होती.

या बातमीने जगभरच्या प्राध्यापकांना एकच प्रश्न पडला. आपण एकदा रेकॉर्ड झालो, की ते रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं?

भारतात यावर १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो, आणि तो दोन दिशांना बोट दाखवतो. कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. दुसरीकडे, याच कायद्यातली ‘परफॉर्मर’ची, म्हणजे कला सादर करणाऱ्याची, व्याख्या बघा. त्यात नट, गायक, नर्तक, जादूगार आणि गारुडी यांच्याच रांगेत ‘व्याख्यान देणारी व्यक्ती’ आहे. या सादरकर्त्यांना आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांपर्यंतचे हक्क मिळतात, आणि परवानगीशिवाय त्याचं रेकॉर्डिंग करणं त्यांच्या हक्काला बाधा आणू शकतं.

म्हणजे प्राध्यापक हा कायद्याने नोकरदारही आहे आणि सादरकर्ताही. यातली कुठली बाजू वरचढ ठरेल, ते त्याच्या नेमणुकीच्या अटींवर आणि त्याने दिलेल्या लेखी संमतीवर अवलंबून राहतं. लॉकडाऊनमध्ये रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी असा कागद कुणी मागितला असेल, अशी शक्यता कमीच.

अमेरिकेत यावरून २०१३ मध्ये उघड वाद झाला होता. हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा ‘जस्टिस’ हा गाजलेला ऑनलाइन कोर्स वापरायला सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागाने नकार दिला आणि सँडेल यांनाच खुलं पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. श्रीमंत विद्यापीठातल्या मुलांना खराखुरा प्राध्यापक आणि सरकारी विद्यापीठातल्या मुलांना त्याचा व्हिडिओ, अशी दोन दर्जांची व्यवस्था यातून उभी राहील. विशेष म्हणजे हे लिहिणारं विद्यापीठ सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध आहे. तिथल्या प्राध्यापकांना टेक्नॉलॉजी कळत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही.

म्हणजे प्राध्यापकांचं सगळं बरोबर?

नाही. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे.

काही प्राध्यापकांना ऑनलाइन नको असतं, कारण त्यात त्यांचं शिकवणं उघडं पडतं. वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणाऱ्याला रेकॉर्डिंग परवडत नाही. मुलांना यूट्यूबवर तोच धडा दुसऱ्या कुणीतरी दहा मिनिटांत समजावलेला सापडतो, आणि मग तुलना होते. काहींनी लॉकडाऊनमध्ये फक्त पीडीएफ टाकल्या आणि शिकवून झालं असं जाहीर केलं. मुलांच्या त्या तक्रारी खोट्या नव्हत्या.

शिवाय ऑनलाइनने ज्यांना हात दिला, असे विद्यार्थीही आहेत. सकाळी काम करून शिकणारे, बाळंतपणामुळे घरी असलेल्या मुली, एसटीने रोज दोन-दोन तास प्रवास करणारे, अपंग विद्यार्थी. ज्यांना चारचौघांत हात वर करायची भीती वाटते, ते चॅटमध्ये प्रश्न विचारायला लागले, हा अनुभव अनेक शिक्षकांचा आहे. रेकॉर्डिंग थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं. इंग्रजीतलं लेक्चर पहिल्या झटक्यात न कळणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना याचा मोठाच आधार असतो.

आणि ज्या प्राध्यापकांनी मनापासून कोर्स तयार केले, त्यांच्यासाठी काही दारंही उघडी आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ऑनलाइन कोर्स आणि ई-साहित्य तयार करण्याला प्राध्यापकांच्या संशोधन गुणांमध्ये जागा दिली आहे. म्हणजे व्यवस्थेला हे काम मोलाचं वाटतं. अडचण एवढीच की रोजच्या ऑनलाइन तासाचं मोल कसं करायचं, हे तितकं स्पष्ट नाही.

सॉफ्टवेअर फुकट असतं का?

एक शेवटचा धागा पैशांचा. लॉकडाऊनमध्ये या कंपन्यांनी बऱ्याच सोयी फुकट दिल्या. कॉलेजांनी त्यावर आपली सगळी व्यवस्था उभी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवणूक बंद होणार आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा असणार. ती जुलै २०२२ पासून लागू झाली. एखाद्या छोट्या कॉलेजला एवढी जागा भरपूर होते. पण हजारो विद्यार्थी आणि वर्षानुवर्षांची व्हिडिओ रेकॉर्डिंग असलेल्या विद्यापीठाला ती पुरत नाही. जगभर अनेक विद्यापीठांना खात्यांवर मर्यादा घालाव्या लागल्या आणि जुन्या फायली काढा असं सांगावं लागलं.

ज्याने रात्र रात्र बसून लेक्चर रेकॉर्ड केली, त्याला आता ती डिलीट करा असा मेल आला, तर पुढच्या वेळी तो किती उत्साहाने रेकॉर्ड करेल?

मग ऑनलाइनचा निर्णय कसा तपासायचा?

तुमच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात उद्या नवीन ॲप, नवीन पोर्टल किंवा ‘ब्लेंडेड’ वेळापत्रक आलं, तर त्याबद्दल चार साधे प्रश्न विचारता येतात.

एक, ऑनलाइन घेतलेला तास वर्कलोडमध्ये पूर्ण धरला जाणार आहे का, आणि सीएचबी प्राध्यापकाला त्याचे पैसे मिळणार आहेत का?

दोन, रेकॉर्डिंग कुणाचं, किती वर्षं वापरायचं आणि प्राध्यापक कॉलेज सोडून गेला तर त्याचं काय, हे लेखी आहे का?

तीन, ज्या मुलांकडे नेटवर्क किंवा फोन नाही, त्यांच्यासाठी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब खुली ठेवली आहे का?

चार, परीक्षा आणि गुण देण्याची पद्धत त्या सॉफ्टवेअरला जुळेल अशी बदलली आहे का?

चारही प्रश्नांना हो असेल आणि तरीही एखादे सर ‘आपल्याला नाही जमत हे’ म्हणून बाजूला बसत असतील, तर मीम खुशाल फॉरवर्ड करा. पण उत्तरं नाही अशी असतील, तर त्या सरांना मीटवर म्यूटचं बटण सापडतंय की नाही हा मुद्दा खूप मागचा आहे. आधी बघायला हवं ते पुढच्या वर्षी त्या वर्गात शिकवायला माणूस असणार आहे की नुसतीच लिंक.